बारा गाणी, पास

आमच्या घरात कुठलीही वस्तू तपासल्याशिवाय ठेवून घेतली जात नसे. बाबा फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. लाइनीतून आलेल्या मालाला गेज लावायचं, मापात बसला तर पास, नाही तर रिजेक्ट, हे त्यांचं काम; आणि संध्याकाळचा भोंगा होऊन सायकल दाराशी लागली की तेच काम ते घरात पुढे सुरू करत. आई वांगी ताटात ओतायची आणि बाबा त्यातली तीन उचलून चिरायचे, एक वरचं, एक मधलं, एक तळचं. तिन्ही चांगली निघाली तर सगळी चांगली. एकात कीड निघाली तर सगळी पिशवी भाजीवाल्याकडे परत. उरलेल्यांत चांगली असतील, असं आईने एकदाही म्हणून पाहिलं नाही. मला ही पद्धत फार आवडायची, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं बाबांच्या माथी मारल्यासारखं होईल. सातआठ वर्षांची असल्यापासून वरणातलं मीठ चाखून मी ऐटीत ‘पास’ म्हणायची आणि बाबा हसायचे. ते हसायचे असे प्रसंग घरात मोजकेच होते. दादाला हे जमत नसे. तो अळणी वरणही गुपचूप खाऊन उठायचा आणि बाबा म्हणायचे, ‘याला काही समजत नाही.’

आमचं क्वार्टर फॅक्टरीच्या इस्टेटीत होतं, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे फरशीचं छोटं अंगण. लांब रेंजवर तोफांची चाचणी चालायची. धडाम्‌ झालं की खिडकीची तावदानं थरथरायची, फळीवरचे डबे वाजायचे, आणि आमच्यापैकी कुणी मान वर करून बघायचंही नाही. नागपूरहून मामा आले की दचकायचे, आम्हाला हसू यायचं. त्या धडामधुडूमने बाबांना कधी त्रास झाला नाही. दादाच्या कॅसेटींचा मात्र व्हायचा. ‘आवाज कमी कर’ हे वाक्य मी त्या घरात जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा माझं नावही ऐकलं नसेल.

दादा म्हणजे शिरीष, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला हे वेड रेल्वे कॉलनीतल्या डेरिकने लावलं. डेरिक त्याच्या वर्गातला, गोरटेला, उंच, बोलायला गोड. आईला ‘आंटीजी’ म्हणायचा आणि तिच्या हातच्या बेसनाच्या पातोडी-रश्श्यासाठी दर रविवारी न चुकता हजर व्हायचा. त्याच्याकडे इंग्लंडमधल्या एका बँडच्या आठ कॅसेटी होत्या, अस्सल, कलकत्त्याहून कुणी आणून दिलेल्या. हेवी मेटल हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, हे बाबांच्या फॅक्टरीतलंच काहीतरी असणार. बँडचं नाव लिहीत नाही. ते नाव वाचून लोक लगेच आपापली मतं सांगायला लागतात आणि मला त्यात रस नाही. आम्हाला शब्द काही कळायचे नाहीत, म्हणून दादाने आणि मी गाण्यांना आमची नावं ठेवली होती. एक ‘मालगाडी’ होतं, कारण त्याचा ठेका इटारसीकडे जाणाऱ्या लांब मालगाडीसारखा होता. एक ‘वेडा शिंपी’. त्यातली गिटार थांबायचं नावच घेत नसे. आणि एक होतं ‘लांबवालं’. ते साडेनऊ मिनिटं चालायचं. पहिली अडीच मिनिटं एकटी गिटार, इतकी हळू की स्वयंपाकघरात आईने पळी ठेवली तरी सूर बुडायचा. मग एक जागा अशी यायची की काहीच वाजत नसे. तिथे दादा बोट वर करायचा आणि म्हणायचा, ‘थांब. आता ऐक.’ आणि मग ड्रम यायचे.

त्या ‘थांब, आता ऐक’साठी मी रविवारची वाट बघायची. खरं सांगायचं तर पहिले काही महिने मला ते संगीत अजिबात आवडलं नाही, डोकं उठायचं. मला आवडायचं ते दादाने मला सांगणं. घरात बाकी कुणी मला काही ऐकवत नव्हतं, सगळे माझ्याकडून ऐकून घ्यायचे, पाढे, श्लोक, परीक्षेचे मार्क. हळूहळू कान तयार झाला. कुठल्या कॅसेटपासून गायक बदलला, कुठला ड्रमवाला जरा घाई करतो, हे मला दादाच्या आधी कळायला लागलं. डेरिक एकदा म्हणाला, ‘यार, तेरी बहन के कान बहुत तेज़ हैं.’ दादाने त्यावर माझ्या डोक्यावर टप्पल मारली होती. एवढंच. पण मला ते अजून आठवतं. आईसुद्धा पोळ्या लाटताना ‘मालगाडी’ गुणगुणायची आणि बाबा आले की गप्प व्हायची.

मग डेरिकचं कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघून गेलं. जाताना तो आठही कॅसेटी दादाला देऊन गेला. स्टेशनवरून परतल्यावर दादा दोन दिवस नीट जेवला नाही. त्याच वर्षी तो बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नापास झाला. आता फॅक्टरीच्या अप्रेंटिसच्या परीक्षेला बसायचं, असं बाबांनी ठरवलं, त्याला विचारलं वगैरे नाही. दादा अभ्यासाला बसायचा आणि शेजारी कॅसेटचा डेक चालू असायचा. मलाही त्या वर्षी बोर्डाची परीक्षा होती आणि मी स्वयंपाकघरात, शेगडीजवळ पाट टाकून अभ्यास करायची, कारण बाहेरच्या खोलीतलं टेबल दादाचं होतं. आता तो मला बोलवायचा नाही. दार लोटून घेऊन एकटाच ऐकायचा. डेरिक गेल्याचं दुःख त्याचं एकट्याचं होतं, माझं काही गेलं असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नसावं.

बाबा ड्यूटीवर दिल्लीला गेले होते. परत आले तेव्हा बॅगेतून त्यांनी एक कॅसेट काढली आणि दादापुढे ठेवली. त्याच बँडची, निवडक गाण्यांची. वर चकचकीत कागद, सील शाबूत. बाबांनी आयुष्यात दुकानात उभं राहून इंग्रजी गाण्यांबद्दल चौकशी केली असेल ती ही एकदाच. आम्ही तिघंही चकित होऊन बघत राहिलो.

‘बारा गाणी आहेत याच्यात,’ बाबा म्हणाले. ‘दुकानदार म्हणे, यांचं जेवढं चांगलं तेवढं सगळं एकाच ठिकाणी घेतलं आहे.’

दादाचा चेहरा खुलला. ‘थँक यू, बाबा.’

‘अच्छा, मग आता त्या आठ काढून टाकू.’

‘काढून? काहून?’

‘मग काय लोणचं घालतो का त्यांचं? त्या आठांतलं चांगलं ते इथे आलं. राहिला तो कचरा. आठ कॅसेटी वाजवत बसतो म्हणून तर दिवस जाऊन राहिला तुझा. एक ठेव, तासभर ऐक, मग पुस्तक उघड.’

‘बाबा, ऐसा नहीं होता. ते वेगळं आहे.’

‘गाणी तीच, गाणारे तेच. वेगळं काय आहे, सांग ना.’

दादाला सांगता येईना. त्याला कधीच सांगता यायचं नाही, त्याला फक्त बोट वर करता यायचं. तो चिडला, मोठ्याने बोलला. बाबा मात्र शांत होते. त्यांचा तो शांतपणा रागापेक्षा वाईट असे. ते म्हणाले की फॅक्टरीत माल देणारा आणि घेणारा यांचं जुळलं नाही की तपासणी तिसऱ्याकडे जाते, आणि तिसरा जे लिहून देईल ते दोघांनी मानायचं. ‘मी मुद्दाम आणली म्हणून मी चांगलीच म्हणणार. तू तर नाहीच म्हणणार. चलो, तिसरा कोण?’

‘मनू,’ दादा लगेच माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. त्याला विचारही करावा लागला नाही. ‘मनूला कळतं. मनू सांगेल ते मला मंजूर.’

‘मलाही मंजूर,’ बाबा म्हणाले. ‘बेटा, लेखी दे. खाली सही. रविवारी पाहू.’

आई पोळीवर तूप लावत होती. आईच्या न बोलण्याचा हिशेब मी पुढे पुष्कळ वर्षं मांडत बसले, पण त्या दिवशी मला ते जाणवलंही नाही. मी हवेत होते. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घरातल्या दोन पुरुषांनी माझ्या शब्दावर काहीतरी सोडलं होतं.

चार दिवस मी शाळेतून आल्यावर डेकजवळ बसले. कामात मी लबाडी केली नाही. कॅसेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीनदा ऐकली, मग एकेक गाणं मूळ कॅसेटमधल्या गाण्याशी लावून पाहिलं, दादाच्या घड्याळावर वेळ धरून. वहीच्या दुरेघी पानावर कच्चं टिपण केलं. आज इतक्या वर्षांनी मी पेपरात, मासिकांत लोकांनी लिहिलेली परीक्षणं वाचते तेव्हा वाटतं, त्या पानाइतकं प्रामाणिक मी पुढे काही लिहिलं नाही. ‘मालगाडी’ घेतलं होतं, पण ते कुठल्याशा जलशातलं. लोकांच्या आरडाओरड्यात ठेका हरवला होता. गायक बदलण्याआधीच्या दोन कॅसेटींमधलं एकही गाणं नव्हतं, जणू तो आधीचा माणूस त्या बँडमध्ये कधी नव्हताच. क्रमही असा की दोन वेगवान गाण्यांच्या मागे लगेच तिसरं वेगवान. कान थकायचा आणि चांगलं गाणंसुद्धा फुकट जायचं. आणि ‘लांबवालं’. नाव होतं कव्हरवर, नवव्या क्रमांकाला. वाजलं तेव्हा मला वाटलं टेप पुढे सरकली असेल, म्हणून मागे घेऊन पुन्हा लावलं. पहिली अडीच मिनिटं कापलेली होती. गाणं थेट ड्रमपासूनच सुरू होत होतं. शेवटही कापला होता, आवाज बारीक करत करत चार मिनिटांत आटोपलं. मी पानावर लिहिलं: ‘हे ते गाणं नाही. इथे थांबायला जागाच ठेवली नाही.’ आणि खाली, दोन रेघा मारून: ‘नापास.’

शनिवारी संध्याकाळी मी पक्कं लिहायला बसले. दादा पायात चपला सरकवत होता. माझ्या पुढ्यातला कोरा कागद पाहून म्हणाला, ‘अजून लिहूनच राहिली? इतकं काय आहे त्यात? दोन ओळी लिही आणि नापास करून टाक. तेवढंच तर काम होतं तुझं.’

आणि तो गेला. वाईट बोलला असं नाही. पण मी चार दिवस जीव ओतून ऐकलं होतं, आणि त्याने मला तिसरी केलं ते मला कळतं म्हणून नव्हतंच, मी त्याच्या खिशात आहे म्हणून होतं. ‘थांब, आता ऐक’ म्हणणारा दादा त्याच्या टेबलाशी, लोटलेल्या दाराआड बसायचा आणि मी शेगडीच्या धगीत इतिहास पाठ करायची. मला संताप आला. एखादी क्षुल्लक गोष्ट असती तर मी रडून मोकळी झाले असते, पण माझ्या हातात पेन होतं.

मी पक्क्या कागदावर चौकटी आखल्या. अनुक्रमांक, गाण्याचं नाव, मूळ कॅसेट, आहे की नाही. बाराही गाण्यांपुढे लिहिलं, ‘आहे’. त्यात एक शब्द खोटा नव्हता. नवव्या क्रमांकाचं गाणंही होतंच, नावापुरतं होतं. निकाल: पास. खाली सही, मनीषा, वळणदार.

बाबांनी रविवारी आंघोळ करून आल्यावर तो कागद चष्मा लावून वाचला, मग मोठ्याने वाचून दाखवला. मी जमिनीकडे बघत होते. दादा आधी हसला, त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. ‘मनू?’ तो म्हणाला. मग पुन्हा, वेगळ्या आवाजात, ‘मनू, लांबवालं ऐकलं का तू?’

‘आहे ना त्यात,’ मी म्हणाले. ‘नऊ नंबर.’

त्याने मान्य केलं होतं, आणि तो बाबांचाच मुलगा होता, दिलेल्या शब्दावरून हलला नाही. मला वाटलं होतं, आठ कॅसेटी माळ्यावर जातील, फार तर कुणाला देऊन टाकतील, आणि परीक्षा झाली की परत येतील. मी बाबांची मुलगी असून हे विसरले होते की रिजेक्ट माल फॅक्टरीत तसाच ठेवत नाहीत. तो मोडून टाकतात, नाहीतर चुकून पुन्हा चांगल्यात मिसळतो. बाबांनी अंगणात पाट मांडला, आईच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि एकेका कॅसेटमधली टेप बोटाने ओढून, हातभर, दोन हात, कात्रीने कापायला सुरुवात केली. रागाने नाही. अगदी व्यवस्थित, एक झाली की दुसरी. दादा दारात उभा राहून बघत होता. रेंजवर त्या दिवशी सुट्टी होती, त्यामुळे कात्रीचा आवाज स्पष्ट येत होता. आईने आतून हाक मारली, पातोडी गार होऊन राहिली आहे. आम्ही चौघं जेवायला बसलो. मी रश्श्याचा पहिला घास घेतला आणि सवयीने बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मीठ बरोबर आहे का म्हणून. मी मान हलवली. त्या एका मान हलवण्याची मला सहीपेक्षा जास्त लाज वाटते.

सोमवारपासून बाहेरचं टेबल मला मिळालं. बोर्डात मला चांगले मार्क पडले. दादा अप्रेंटिसच्या परीक्षेत पास झाला, फॅक्टरीत लागला, आणि पुढे, याला काय म्हणावं, इन्स्पेक्शनलाच गेला. बाबांनी सगळ्या इस्टेटीत पेढे वाटले. ते शेवटपर्यंत सांगायचे की मुलाचं आयुष्य मार्गी लागलं ते त्या रविवारी, आणि मुलीने काय चोख रिपोर्ट लिहिला होता. मी त्यांना खरं सांगितलं नाही. ते गेले तेव्हाही माझा अभिमान बाळगूनच गेले, आणि तो मी त्यांच्याकडून खोट्या मालावर मिळवला होता. दादा माझ्याशी भांडला नाही. माझ्या लग्नात राबला, माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू घेऊन नागपूरपर्यंत आला. फक्त त्याने मला पुन्हा कधी काही ऐकवलं नाही. घरात गाणी लागायची ती रेडिओवर, सगळ्यांसाठी, कमी आवाजात.

मागच्या हिवाळ्यात इस्टेटीजवळच महाराजपूरला त्याच्या घरी गेले होते. वहिनी मुलीकडे पुण्याला गेल्या होत्या, दादा एकटाच. त्याला रिटायर होऊन दोन वर्षं झाली. माझ्या मुलाने मोबाईलवर त्या बँडची सगळी गाणी शोधून दिली होती, पूर्ण, न कापलेली. मी ठरवूनच गेले होते की या वेळी दादापुढे ‘लांबवालं’ लावायचं, आणि ती जागा आली की मी बोट वर करायचं. माफी मागायला मला याहून चांगला मार्ग सुचला नव्हता. तो आत चहा करत होता. मी चष्म्याचं घर ठेवायला टेबलाचा खण ओढला, तर बॅटरीच्या सेलांशेजारी ती कॅसेट होती, बाबांनी दिल्लीहून आणलेली. कव्हरचा रंग उडाला होता. उघडली तर आत, गाण्यांच्या यादीमागे, घडी घातलेलं वहीचं दुरेघी पान. माझं सोळाव्या वर्षीचं अक्षर. हे ते गाणं नाही. इथे थांबायला जागाच ठेवली नाही. नापास.

दादा दोन कप घेऊन दारात आला. त्याने माझ्या हातातलं पान पाहिलं, कप टेबलावर ठेवले, एक माझ्याकडे सरकवला.

‘लिहिलं मात्र सगळं बरोबर होतं तू,’ तो म्हणाला.

‘कधी सापडलं तुला?’

‘त्याच रविवारी. बाबा कात्री शोधत होते तेव्हा. तुझ्या वहीतून पडलं.’

म्हणजे दारात उभा राहून तो बघत होता तेव्हा ते पान त्याच्या खिशात होतं. आठांपैकी एकही तोवर कापली गेली नव्हती.

‘मग बाबांना काहून नाही दाखवलं, दादा? तेव्हाच?’

त्याने चहाचा घोट घेतला. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

‘दाखवून काय करायचं होतं?’ तो म्हणाला. ‘सही तर तू दुसऱ्या कागदावर केली होती.’